पट्टी दाबल्यापासून नाद विरेपर्यंत: सिंथवर एन्व्हलोप कसा लावायचा

भजनी मंडळात किंवा ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही: बासरीचा टोन लावला, सूर चोख लागला, तरी ऐकणाऱ्याला ती बासरी काही वाटत नाही. मग आपण टोन बदलत बसतो, इक्वलायझर फिरवतो, रिव्हर्ब वाढवतो. बहुतेक वेळा खोट टोनमध्ये नसते. आवाज उगवतो कसा आणि विरतो कसा, तिथं ती असते. वाद्याची ओळख कानाला आधी तिथं पटते, आणि सिंथेसायझरवर हा सगळा भाग एन्व्हलोपच्या ताब्यात असतो.

याची खात्री स्वतः करून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत, नाशिकच्या पंचवटीतल्या एखाद्या देवळात जा आणि मोठ्या घंटेचा एकच टोल मोबाइलवर रेकॉर्ड करा. फोन घंटेपासून चार-पाच हात लांब धरा आणि नाद पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डिंग थांबवू नका. रेकॉर्डिंगचं ॲप आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करत असेल तर ती सोय आधी बंद करा, नाहीतर उतार खोटा दिसेल. घरी आल्यावर फाइल ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. डावीकडे सरळ उभा कडा दिसेल आणि तिथून उजवीकडे लांबच लांब उतार. आता सुरुवातीचा अर्धा सेकंद कापून टाका, कापलेल्या जागी अगदी छोटा फेड-इन द्या, म्हणजे आवाज शून्यातून हळूच वर आणा, आणि ऐका. ठोका गेला की घंटाही गेली! उरलेला नाद एखाद्या फुंकवाद्यासारखा वाटू लागतो. १९४८ मध्ये पॅरिसमध्ये पिएर शेफर यांनी घंटेच्या रेकॉर्डिंगवर हाच प्रयोग केला होता. नादाचे घटक तेच, फक्त उगवण्याची तऱ्हा काढून टाकली, आणि वाद्य ओळखू येईनासं झालं.

चार नॉब, पण वेळ तीनच

पट्टी दाबली की आवाज शून्यातून शिखराला पोचायला जो वेळ घेतो तो अटॅक. शिखरावरून खाली उतरून एका पातळीवर यायला लागणारा वेळ म्हणजे डिके. बोट पट्टीवर आहे तोवर आवाज ज्या पातळीवर टिकून राहतो ती सस्टेन. बोट उचलल्यावर शून्यापर्यंत विरायला लागणारा वेळ म्हणजे रिलीज.

शिकणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ सस्टेनपाशी होतो. अटॅक, डिके आणि रिलीज हे वेळ आहेत. सस्टेन ही पातळी आहे. सस्टेनचा नॉब वाढवला म्हणून सूर जास्त वेळ टिकत नाही, तो जास्त मोठा टिकतो. किती वेळ, ते तुमचं बोट ठरवतं. यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या पाठच करून ठेवाव्यात अशा आहेत. सस्टेन पूर्ण वर असेल तर डिकेचा नॉब कितीही फिरवा, फरक पडणार नाही, कारण उतरायला जागाच नाही. आणि सस्टेन शून्यावर असेल तर सूर किती लांब चालेल ते सर्वस्वी डिकेवर आहे. बोट तासभर ठेवलं तरी आवाज मरणारच.

ही चौकट साठच्या दशकातली. रॉबर्ट मूग यांचे सुरुवातीचे सिंथेसायझर घडत होते तेव्हा, १९६५ च्या सुमारास, संगीतकार व्लादिमिर उसाचेव्हस्की यांनी अशा चार टप्प्यांचा एन्व्हलोप त्यांच्याकडे मागितला. आज वापरात असलेली सुटसुटीत नावं नंतर एआरपी कंपनीच्या वाद्यांमुळे रुळली. आजचे बहुतेक सिंथ आणि सॉफ्टवेअर याच चौकटीवर किंवा तिच्याच वाढवलेल्या रूपावर चालतात, त्यामुळे एकदा हात बसला की वाद्य बदललं तरी अडत नाही.

नॉबला हात लावण्याआधी एक प्रश्न

ज्या वाद्याचा आवाज काढायचा आहे, त्यात सूर चालू असताना ऊर्जा घातली जाते का? एवढंच विचारा.

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. सिंथवर काम करताना मला ही विभागणी फार उपयोगी पडते. घन म्हणजे टाळ, झांज, घंटा. अवनद्ध म्हणजे तबला, पखवाज, ढोल, ताशा, संबळ. यांच्यात ऊर्जा एकदाच जाते, आघाताच्या क्षणी. त्यानंतर वाद्य मोकळं. नाद आपल्या गतीनं मरत जातो. यांचा सस्टेन शून्य. सुषिर म्हणजे बासरी, सनई. यांच्यात फुंक आहे तोवर सूर आहे. भात्यावर चालणारी पेटी याच गोटातली. यांचा सस्टेन वरच्या बाजूला. तत वर्गात मात्र फूट पडते. सतार, तंबोरा छेडून सोडून देतात, म्हणून सस्टेन शून्य. सारंगी आणि व्हायोलिन गजानं वाजतात, म्हणून सस्टेन वर.

हा निर्णय आधी झाला की निम्मं काम झालं. म्हणूनच अटॅकपासून सुरुवात करून क्रमानं चारही नॉब लावत जाण्याची पद्धत मला पटत नाही. पॅनेलवर सस्टेन तिसरा असला तरी ठरवायचा पहिला.

पाटी कोरी करा

सवय लागेपर्यंत तयार प्रीसेटवर शिकू नका. त्यात फिल्टर, इफेक्ट, आवाज डोलवणारा एलएफओ, सगळं आधीच लागलेलं असतं आणि कोणत्या नॉबनं काय झालं ते कळत नाही. सिंथवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये कोरा पॅच, म्हणजे आवाजाची कोरी मांडणी, घ्या. स्वतःचा सिंथ नसेल तर सर्ज एक्सटी हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर टाका आणि घरातला यूएसबी असलेला कीबोर्ड त्याला जोडा. शिकायला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

ऑसिलेटर, म्हणजे मूळ लहर तयार करणारा भाग, एकच ठेवा, लहर करवती म्हणजे सॉ. फिल्टर, म्हणजे आवाजातले वरचे अंश कापणारा भाग, पूर्ण उघडा. रिव्हर्ब, डिले, कोरस बंद. व्हेलॉसिटीचा, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली याचा, परिणाम तूर्तास शून्य. अटॅक शून्य, सस्टेन पूर्ण, रिलीज शून्य. आता एक पट्टी दाबून सोडा. आवाज विजेच्या बटणासारखा चालू-बंद होईल. बारीक कान दिला तर सुरू होताना आणि बंद होताना टक् असा आवाज येईल. लहर मधेच सुरू झाली किंवा मधेच तोडली गेली की तो येतो. खर्जात तो जास्त जाणवतो, कारण तिथं लहरीचं एकेक आवर्तन लांब असतं. पन्नास हर्ट्झला एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात. अटॅक दोन ते पाच मिलिसेकंद आणि रिलीज दहाच्या आसपास नेलं की टक् जातो. पेटी किंवा ऑर्गनच्या आवाजाला थोडा टक् शोभतो, तो मुद्दाम ठेवता येतो. बासरीत तो चालणार नाही.

यापुढे एका वेळी एकच नॉब हलवा, आणि प्रत्येक वेळी तोच सूर, तेवढ्याच जोरानं वाजवा.

अटॅक शून्यापासून हळूहळू वाढवत न्या. दहा मिलिसेकंदांपर्यंत आघात वाटतो. तीस ते ऐंशीच्या दरम्यान कुणीतरी फुंक मारतंय किंवा गज टेकवतंय असं वाटू लागतं. दोनशेच्या पुढे सूर मागून येतो, आणि अर्ध्या सेकंदानंतर तो पॅड होतो, गाण्यामागे पसरून ठेवायचा. इथं वाजवताना एक गोष्ट सांभाळायची: अटॅक लांब असेल तर बोट मात्रेवर पडूनही सूर मात्रेनंतर ऐकू येतो. गायकाला तुम्ही मागे पडताय असं वाटतं. अशा वेळी एकतर पट्टी किंचित आधी दाबायची, नाहीतर अटॅक कमी करायचा. मी दुसरं सुचवेन. आधी दाबायची सवय लागली की दुसऱ्या टोनवर तीच नडते.

डिकेसाठी सस्टेन शून्यावर आणा. शंभर मिलिसेकंदांवर तुटका, कोरडा टोला येईल. पाचशेवर छेडलेली तार. तीन-चार सेकंदांवर घणघणणारं काहीतरी. लहर आणि फिल्टर तेच असताना केवळ या एका नॉबनं वाद्य बदलत जातं. यात थोडा वेळ घालवा, हा सगळ्यात रसाळ नॉब आहे.

रिलीज हे बोट उचलल्यानंतरचं वागणं. आवाज त्या क्षणी जिथे असेल तिथून तो विरायला लागतो. घंटेला किंवा तंबोऱ्याला तुम्ही बोट उचललं हे कळत नाही. ती आपली वाजतच राहते. म्हणून आघाताच्या आणि छेडायच्या वाद्यांचं रिलीज डिकेएवढंच ठेवायचं. १९७० च्या मिनिमूगवर तर रिलीजला वेगळा नॉबच नव्हता. एक खटका होता, तो चालू केला की डिकेचाच वेळ रिलीजला लागायचा. उलट टाळ वाजवणारा टाळ छातीशी दाबून नाद तोडतो तेव्हा रिलीज जवळजवळ शून्य असतं. एकाच वाद्याचे हे दोन बोल हवे असतील तर दोन पॅच ठेवा, किंवा रिलीज एखाद्या नॉबवर घ्या आणि वाजवता वाजवता फिरवा.

दुसरा एन्व्हलोप: फिल्टरवरचा

इथपर्यंत फक्त आवाजाची पातळी हलली. पण खऱ्या वाद्यात पातळी कमी होताना आवाजाचा रंगही बदलतो, आणि हे साधलं नाही तर पॅच कायम प्लॅस्टिकचा वाटतो. घंटेचंच पाहा. टोल पडल्या क्षणी सगळे स्वरांश, म्हणजे नादात मिसळलेले वेगवेगळे स्वर, एकदम उठतात, त्यात वरचे खणखणीत असतात. पण वरचे लवकर मरतात आणि शेवटी उरतो तो खालचा घुमारा. ऑडॅसिटीत तुमचं रेकॉर्डिंग स्पेक्ट्रोग्रामच्या दृश्यात पाहिलंत तर वरच्या रेषा आधी तुटतात आणि खालच्या लांब जातात, हे डोळ्यांनी दिसतं.

सिंथवर हे काम फिल्टरच्या एन्व्हलोपचं. कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून वरचं कापायला लागतो ती जागा, खाली आणा, इतका की सूर गुदमरल्यासारखा वाटेल. मग फिल्टरवर एन्व्हलोपचा परिणाम किती, तो नॉब वाढवा. बहुतेक सिंथवर त्याला ईजी डेप्थ, ईजी इंट किंवा नुसतं एन्व्ह म्हटलेलं असतं. आता फिल्टरचा डिके आवाजाच्या डिकेपेक्षा कमी ठेवा. आवाज आधी मऊ होईल, मग संपेल. छेडायच्या आणि आघाताच्या जवळपास सगळ्या वाद्यांना हा नियम लागू पडतो.

फुंकवाद्यांचं उलट आहे. फुंक वाढते तसा आवाज उजळतो, म्हणून फिल्टरचा अटॅक आवाजाच्या अटॅकपेक्षा किंचित लांब ठेवायचा. आवाजाला चाळीस मिलिसेकंद दिले असतील तर फिल्टरला ऐंशी ते शंभर. सनईत हा फरक इतका बोलतो की नुसती करवती लहर असली तरी नाक-तोंड दिसायला लागतं.

आता व्हेलॉसिटी परत चालू करा, आणि ती फक्त आवाजाच्या पातळीला न जोडता फिल्टर एन्व्हलोपच्या परिणामाला जोडा. जोरात दाबलं की उजळ, हलकं दाबलं की मऊ. हात बोलायला लागतो तो इथून. सोय असेल तर पट्टीनुसार वेळ बदलण्याचीही जोडणी करा: वरच्या सप्तकात डिके कमी, खर्जात जास्त. छोटी घंटा लवकर थांबते, मोठी रेंगाळते, तेच.

तीन पॅच, पूर्ण मांडून

मिलिसेकंदांचे आकडे दिलेत ते सुरुवातीसाठी. तुमच्या सिंथवर नुसते ० ते १२७ आकडे असतील तर कानानं जुळवा, कारण त्या आकड्यांचा वेळेशी सरळ हिशेब नसतो. वरच्या टोकाला एकेका आकड्यात बराच वेळ वाढतो.

*घंटा.* पंचवटीतल्या नारोशंकराच्या देवळाची घंटा वसईच्या १७३९ च्या विजयात हाती आलेली पोर्तुगीज घंटा म्हणून ओळखली जाते. युरोपीय घडणीच्या अशा घंटांमध्ये मुख्य स्वराच्या जोडीला साधारण कोमल गंधार ऐकू येतो आणि खाली सप्तकभर अंतरावर घुमारा असतो. तीन ऑसिलेटर असतील तर लहर साइन ठेवून एक मूळ स्वरावर, दुसरा तीन अर्धस्वर वर, तिसरा बारा अर्धस्वर खाली लावा. अटॅक शून्य, डिके आठ सेकंद, सस्टेन शून्य, रिलीज आठ सेकंद. फिल्टरचा डिके तीन सेकंद. ठीकठाक घंटा होईल, पण तिचे सगळे स्वरांश एकाच एन्व्हलोपवर बांधलेले असल्यानं ती थोडी बोथट वाटेल.

याहून सरस रस्ता एफएमचा, म्हणजे एका लहरीनं दुसरीला हलवून आवाज घडवण्याचा. यामाहाचा १९८३ चा डीएक्स ७ अशा घंटांसाठी नावाजलेला होता. त्याच्या सहा ऑपरेटरांपैकी, म्हणजे लहर तयार करणाऱ्या भागांपैकी, प्रत्येकाला स्वतःचा एन्व्हलोप असतो. डेक्स्ड हे मोफत सॉफ्टवेअर त्याचीच नक्कल आहे. पाचवा अल्गोरिदम, म्हणजे ऑपरेटर एकमेकांना जोडायची रचना, घ्या, त्यात ऑपरेटरांच्या तीन जोड्या असतात. पहिल्या जोडीत खालच्या ऑपरेटरचं वारंवारतेचं प्रमाण १ आणि वरच्याचं १.४ ठेवा. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी १९७३ च्या आपल्या एफएमवरच्या लेखात घंटेसाठी हेच प्रमाण दिलं आहे. बाकीच्या दोन जोड्यांची पातळी शून्य करा.

डीएक्स ७ चा एन्व्हलोप थोडा वेगळा लिहिलेला असतो. त्यात चार गती आणि चार पातळ्या आहेत, ० ते ९९. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की तो आकडा वेळ नसून वेग आहे: ९९ म्हणजे झटकन, लहान आकडा म्हणजे सावकाश. नेहमीच्या नॉबची सवय असलेल्याचा हात इथे हमखास उलटा जातो. दोन्ही ऑपरेटरची पहिली गती ९९ आणि पहिली पातळी ९९ ठेवा, बाकीच्या तिन्ही पातळ्या शून्य. खालच्या ऑपरेटरची दुसरी गती तिशीच्या आसपास घ्या, वरच्याची चाळिशीच्या. वरचा ऑपरेटर आवाजाची झळाळी ठरवतो, त्यामुळे तो लवकर उतरला की खणखणाट जातो आणि घुमारा राहतो. चौथी गती म्हणजे रिलीज, ती दुसरीएवढीच. मग वरच्याची पातळी थोडी कमी-जास्त करा. काही आकड्यांच्या फरकात देवघरातली छोटी घंटी देवळातली मोठी घंटा होते.

*तंबोरा.* मला सगळ्यात प्रिय पॅच हा. इथं फिल्टरचा वर सांगितलेला नियम मोडतो, आणि मोडतो म्हणूनच तंबोरा तंबोरा वाटतो. तार छेडल्यावर जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या घडणीमुळे, वरचे स्वरांश लगेच न मरता थोड्या वेळानं फुलून येतात. बोट सुटतं तेव्हा आवाज मऊ असतो आणि मग उजळत जातो. म्हणून करवती लहर घ्या, कटऑफ खाली, रेझोनन्स (कटऑफपाशी आवाज उठवणारा नॉब) एक तृतीयांशाच्या आसपास. आवाजाचा अटॅक दहा ते वीस मिलिसेकंद, कारण तंबोऱ्यावर नखी नसते, बोटाचं मांस असतं. डिके पाच-सहा सेकंद, सस्टेन शून्य, रिलीज तेवढंच. फिल्टरचा अटॅक मात्र दोनशे ते तीनशे मिलिसेकंद आणि डिके चार सेकंद. फिल्टर उघडताना रेझोनन्सचं शिखर एकामागून एक स्वरांशांवरून सरकतं आणि तो झणकार उमटतो. मंद्र पंचम, मग दोनदा षड्ज, मग खर्ज, अशा क्रमानं सावकाश वाजवा. चार तारा एकमेकींवर चढायला हव्यात, म्हणून एका वेळी निदान चार सूर वाजवू शकणारा सिंथ लागेल. कॉर्गच्या मिनिलॉगवर बरोबर चार आहेत, आणि या कामाला ते जेमतेम पुरतात. रेझोनन्स जास्त झालं तर शिट्टी वाजायला लागेल, तिथून जरा मागे या.

*ढोल.* गणपती जवळ आले की नाशिकमध्ये ढोल पथकांचे सराव सुरू होतात. तिथं नुसतं कान देऊन उभं राहावं, पॅच अर्धा तिथंच कळतो. हाताच्या थापेचा घुमता आवाज आणि टिपरूचा कोरडा टोल, हे दोन वेगळे पॅच आहेत. एकात बसवायच्या नादी लागू नका. थापेसाठी साइन लहर, साठ-सत्तर हर्ट्झच्या आसपास. आवाजाचा अटॅक शून्य, डिके साडेतीनशे मिलिसेकंद, सस्टेन शून्य. खरी गंमत तिसऱ्या एन्व्हलोपात, पिचच्या. चामड्यावर जोरात थाप पडली की ते ताणलं जातं, क्षणभर स्वर वर असतो आणि लगेच खाली बसतो. पिच एन्व्हलोपचा परिणाम बारा अर्धस्वर, डिके चाळीस ते पन्नास मिलिसेकंद. यामुळे छातीत बसणारा दणका येतो. हा डिके शंभराच्या पुढे गेला की स्वर घसरताना ऐकू येतो आणि ढोलाचा डिस्को होतो. टिपरूसाठी ऑसिलेटरऐवजी नॉइझ घ्या, बँडपास फिल्टर एक ते दोन किलोहर्ट्झवर, डिके साठ ते ऐंशी मिलिसेकंद. झालं.

बासरी आणि सनईला हा तिसरा एन्व्हलोप अगदी चिमूटभर लागतो: अर्धा अर्धस्वर खालून, पन्नास-साठ मिलिसेकंदांत जागेवर. अटॅक चाळीस ते ऐंशी, सस्टेन ऐंशी टक्के, रिलीज शंभर मिलिसेकंद. यांच्यासाठी सिंथ मोनोवर, म्हणजे एका वेळी एकच सूर, आणि लेगाटोवर ठेवणं अत्यावश्यक आहे. लेगाटोत एक पट्टी धरून दुसरी दाबली की एन्व्हलोप पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही, स्वर तेवढा बदलतो. एका फुंकेत दोन स्वर वाजवल्यासारखं. बोट उचलून पुन्हा दाबलं की नवी फुंक. पोर्टामेंटो, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, थोडा लावला तर मींडही येते. पेटीचं काम याहून सोपं: अटॅक वीस-तीस, सस्टेन पूर्ण, रिलीज साठच्या आसपास, आणि फिल्टर एन्व्हलोप नकोच.

नॉब नसलेल्या कीबोर्डवर

घरोघरी जे कीबोर्ड आहेत त्यांच्या पॅनेलवर चार नॉब नसतात, म्हणून हे आपलं काम नव्हे असं समजू नका. रोलँडच्या एक्सपीएस ३० वर एडिटच्या मेनूत शिरलात की टीव्हीए आणि टीव्हीएफ अशी पानं सापडतात. टीव्हीए म्हणजे आवाजाचा एन्व्हलोप, टीव्हीएफ म्हणजे फिल्टरचा. तिथं चार टप्प्यांचे वेळ आणि मधल्या पातळ्या दिसतात: पहिला वेळ अटॅक, तिसरी पातळी म्हणजे सस्टेन, चौथा वेळ रिलीज. मधले दोन टप्पे हे डिकेचे दोन तुकडे आहेत, आणि ते वरदान आहे. सतारीसारख्या आवाजात पहिला तुकडा झपकन खाली आणि दुसरा लांब सावकाश ठेवला तर टोला आणि आस दोन्ही मिळतात. साध्या चार नॉबांवर हे जमत नाही.

अनेक अरेंजर कीबोर्डवर फंक्शनच्या मेनूत निदान अटॅक आणि रिलीज सापडतात. तेही नसले तर मिडीचा, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात तिचा, आधार घ्या. कंट्रोल चेंज क्रमांक ७३ अटॅकसाठी, ७५ डिकेसाठी, ७२ रिलीजसाठी आणि ७४ फिल्टर कटऑफसाठी ठरलेले आहेत. संगणकावरून किंवा नॉब असलेल्या छोट्या मिडी कंट्रोलरवरून हे आकडे पाठवले तर जीएम २ किंवा यामाहाचा एक्सजी हे मिडीचे संकेत पाळणारा कीबोर्ड ते मानतो. इथं ६४ म्हणजे मूळ प्रीसेट जसाच्या तसा. त्याखाली कमी, त्यावर जास्त. बासरी खोटी वाटत असेल तर पहिल्यांदा ७३ वर ७० ते ८० पाठवून पाहा.

कार्यक्रमाच्या ठिकाणी

घरी हेडफोनवर लावलेला रिलीज कार्यक्रमात तसाच चालेल असं नाही. कालिदास कलामंदिरासारख्या बंद सभागृहात भिंती थोडी आस स्वतःच घालतात. तिथं रिलीज कमी करावं, नाहीतर सूर एकमेकांत चिकटतात. दिवाळीतल्या पाडवा पहाटेचा कार्यक्रम उघड्यावर असेल तर आवाज परत येत नाही आणि तोच पॅच तुटका वाटतो. तिथं रिलीज वाढवायचं. मात्र रिव्हर्बचं काम रिलीजकडून करून घेऊ नका. रिव्हर्ब जागेची जाणीव देतो, रिलीज जुना स्वर नव्या स्वरावर चढवतो, आणि राग बदलणाऱ्या किंवा विवादी स्वर मागे राहू नयेत अशा जागी हे फार खटकतं.

लयीचा हिशेब सोपा आहे. साठ हजाराला मिनिटातल्या मात्रांनी भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. शंभराच्या लयीत केरवा चालला असेल तर मात्रा सहाशे मिलिसेकंदांची. तुटक वाजवायच्या साथीच्या टोनचा डिके किंवा रिलीज अर्ध्या मात्रेच्या आत, म्हणजे तीनशेच्या खाली ठेवला की ठेका मोकळा राहतो आणि तबल्याला जागा मिळते. भजन शेवटी द्रुतात जातं तेव्हा तोच पॅच गढूळ होतो. म्हणून रिलीज असा एकच नॉब हाताशी ठेवा आणि लय चढेल तसं ते उतरवत न्या.

पेडलकडेही लक्ष असू द्या. सस्टेन पेडल दाबलेलं असताना कीबोर्डला वाटतं बोट अजून पट्टीवरच आहे, म्हणून रिलीज सुरूच होत नाही. पियानोच्या टोनवर डिके चालू असतो, त्यामुळे ते शोभतं. बासरी किंवा पेटीवर पेडल दाबलंत तर सगळे सूर सस्टेनच्या पातळीवर अडकून बसतात. लेयर करून वाजवत असाल, म्हणजे पियानोखाली स्ट्रिंग्ज, तर स्ट्रिंग्जच्या भागासाठी पेडल बंद करण्याची सोय शोधा. बऱ्याच वर्कस्टेशनवर ती असते.

लांब रिलीजची आणखी एक किंमत आहे. विरत असलेला प्रत्येक सूर सिंथची एक जागा अडवून बसतो. चार किंवा आठ सुरांच्या सिंथवर आठ सेकंदांचं रिलीज लावलं की जुने सूर मध्येच तोडले जातात आणि ऐकणाऱ्याला आवाज गचके खातोय असं वाटतं. साउंडचेकला तबलजीला कार्यक्रमातल्या सगळ्यात जलद लयीत दोन आवर्तनं धरायला सांगा, दोन्ही हातांनी भरगच्च वाजवा आणि गचके येत असतील तर ते थांबेपर्यंत रिलीज खाली आणा. मग तो पॅच वेगळ्या नावानं, वेगळ्या जागेवर साठवा. घरचा पॅच तसाच राहू द्या.